दीर्घकालीन फुप्फुसविकारांतील नैराश्य व चिंता

फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार असलेल्या व्यक्तींमध्ये नैराश्य आणि चिंताविकार हे इतर लोकांच्या तुलनेत पुष्कळ अधिक प्रमाणात आढळतात. वैद्यकशास्त्रात त्यांना मूळ व्याधीचे 'सहविकार' म्हणतात; म्हणजे मूळ व्याधीबरोबर राहणारे, तिच्यामुळे बळावणारे आणि उलट तिलाही बळावणारे विकार. 'इतका जुना आजार म्हटल्यावर माणूस खचणारच' अशी समजूत रुग्ण, कुटुंबीय आणि पुष्कळदा डॉक्टरही बाळगून असतात. ही समजूत सहानुभूतीतून आलेली असली तरी उपचारांच्या आड येते. कारण खचलेपणा हा आजाराचा अटळ भाग मानला की त्याचे निदान करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. या लेखात मुख्यतः 'सीओपीडी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसविकाराचा विचार केला आहे. या विषयावरील बहुतांश संशोधन त्याच विकारासंबंधी झाले आहे.

व्याप्ती

सीओपीडीमध्ये श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि फुप्फुसांतील हवा पूर्णपणे बाहेर पडत नाही. तंबाखूचे धूम्रपान हे याचे सर्वांत परिचित कारण आहे. भारतात त्याच्या जोडीला चुलीचा धूर, कामाच्या जागेवरील धूळ, शहरांतील प्रदूषित हवा आणि पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग हीही कारणे महत्त्वाची आहेत. जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते; १९९० साली हीच संख्या सुमारे २ कोटी ८१ लाख होती.

यांपैकी किती जणांना नैराश्य असते, याचे उत्तर मोजमापाच्या पद्धतीनुसार बदलते. 'इक्लिप्स' या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीओपीडीच्या रुग्णांपैकी २६ टक्के, फुप्फुसविकार नसलेल्या धूम्रपींपैकी १२ टक्के आणि धूम्रपान न करणाऱ्यांपैकी ७ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. म्हणजे तंबाखूचा वाटा वेगळा काढला तरी फुप्फुसविकाराचा स्वतःचा वाटा मोठा उरतो. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे. श्वासचाचणीत (स्पायरोमेट्री) फुप्फुसांची क्षमता किती भरली, यावरून नैराश्याचा अंदाज नीट बांधता आला नाही. त्यापेक्षा रुग्णाला जाणवणारा थकवा आणि धाप यांचा नैराश्याशी अधिक संबंध दिसला. त्यामुळे 'अहवाल फारसा वाईट नाही, मग एवढे कशाला घाबरता' हे रुग्णाला नेहमी ऐकावे लागणारे वाक्य शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

धाप आणि भीती

धाप लागल्यावर भीती वाटणे स्वाभाविक आहे. सीओपीडीत मात्र भीतीमुळे धाप प्रत्यक्ष वाढते, आणि ती केवळ मनाला वाटते म्हणून नव्हे तर फुप्फुसांत हवा अडकल्यामुळे वाढते. ही प्रक्रिया समजून घेतल्याशिवाय या विषयातील पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. मिनिटाला १५ श्वास धरले तर एका श्वासोच्छ्वासासाठी ४ सेकंद मिळतात. माणूस घाबरला आणि ही गती ३० वर गेली, की तेच काम २ सेकंदांत उरकावे लागते. निरोगी फुप्फुसांना हे जमते. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा सावकाश बाहेर पडत असल्याने सीओपीडीच्या रुग्णाला मात्र उच्छ्वासासाठी मिळालेला वेळ अपुरा पडतो. आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा श्वास आत येतो आणि प्रत्येक श्वासागणिक थोडीथोडी हवा आत साचत जाते. छाती फुगलेलीच राहते, मध्यपटल (छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा) चपटे होते आणि नवा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. रुग्ण म्हणतो, 'श्वास आत जातच नाही.' प्रत्यक्षात अडचण हवा बाहेर न पडण्याची असते. अशा वेळी जोरजोराने श्वास आत ओढला की त्रास आणखी वाढतो, त्याबरोबर भीती वाढते आणि श्वासाची गती आणखी चढते.

मेंदूच्या पातळीवरही श्वास आणि भीती यांची यंत्रणा एकमेकींत गुंतलेली आहे. रक्तातील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण वाढणे ही शरीराच्या दृष्टीने धोक्याची मूलभूत खूण आहे. हा वायू अधिक प्रमाणात हुंगल्यास पूर्वी निरोगी असलेल्या माणसालाही तीव्र घबराट होऊ शकते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ साली अशी उपपत्ती मांडली की, घबराटीच्या झटक्यांत शरीरातील 'गुदमरल्याची घंटा' विनाकारण वाजते. सीओपीडीच्या रुग्णाच्या बाबतीत ती घंटा पूर्णतः विनाकारण वाजते असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच 'काही होत नाही, शांत व्हा' एवढ्या सांगण्याने तिचा आवाज बंद होत नाही.

या आवर्तनाला दुसरे, अधिक संथ असे एक आवर्तन जोडलेले असते. एकदा जिन्यात किंवा बाजारात जीव गुदमरला की रुग्ण तो जिना आणि तो बाजार टाळू लागतो. पुढे देवळात जाणे, लग्नकार्याला जाणे, अंगणात फेरी मारणेही सुटते. न वापरलेले पायांचे स्नायू काही आठवड्यांतच दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना त्याच कामासाठी अधिक श्रम पडतात आणि अधिक धाप लागते. फुप्फुसांची स्थिती तीच असताना माणूस महिन्याभरात खाटेला खिळल्यासारखा होतो तो यामुळे. पोटभर हसणे, रडणे, भांडणे यांनीही श्वासाची लय बिघडते, म्हणून काही रुग्ण कोणतीही तीव्र भावनाच टाळू लागतात. घरच्यांना ते अलिप्त किंवा तुसडे वाटतात. वस्तुतः ते आपला श्वास सांभाळत असतात.

नैराश्याची कारणे

चिंता बहुधा झटक्यांनी येते, नैराश्य सावकाश साचते. कमावता माणूस घरी बसतो, एकट्याने आंघोळ करणे अवघड होते, खोकला आणि बेडका यांची चारचौघांत लाज वाटते, रात्री झोप लागत नाही. घरात ऑक्सिजनचे यंत्र आले की आजार शेजारपाजाऱ्यांनाही दिसू लागतो. पंपाविषयीचा संकोच तर आपल्याकडे विशेष आहे. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज इतका रुजलेला आहे की, पंप खिशात असूनही लोकांसमोर न वापरणारे रुग्ण सर्वत्र आढळतात.

धूम्रपान केलेल्या रुग्णांच्या मनात अपराधभावना असते, आणि घरातील बोलणी तिला खतपाणी घालतात. ज्यांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही अशा ग्रामीण स्त्रियांची व्यथा याहून निराळी आहे. अनेक वर्षे चुलीपुढे बसून त्यांची फुप्फुसे निकामी होत आलेली असतात, पण सीओपीडी हा 'पुरुषांचा, विडीचा रोग' समजला गेल्याने त्यांचे दम लागणे वयावर किंवा अशक्तपणावर ढकलले जाते. शारीरिक आजाराचे निदान जिथे होत नाही, तिथे मनाच्या आजाराची विचारपूस होण्याची शक्यता त्याहून कमी. पंतप्रधान उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि लाखो घरांत गॅसजोडणी पोहोचली. तथापि, जुन्या धुराने झालेली हानी गॅस आल्याने भरून निघत नाही आणि अनेक घरांत सिलिंडरच्या जोडीला चूलही पेटतच राहते.

तंबाखू आणि नैराश्य यांचे नाते दुहेरी आहे. निराश व्यक्ती अधिक धूम्रपान करते आणि तिला ते सोडणे जड जाते. 'विडीने मन शांत होते' हा अनुभव बव्हंशी निकोटीनची तल्लफ भागल्याचा असतो. धूम्रपान सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे चिडचिडीचे जात असले तरी पुढे चिंता, नैराश्य व ताण हे तिन्ही कमी होतात, असे २६ अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात दिसून आले.

काही औषधांचाही हातभार असतो. साल्बुटामॉलने हात कापतात व छातीत धडधडते, थिओफिलिनने अस्वस्थता आणि निद्रानाश होऊ शकतो, तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडने मनःस्थिती दोन्ही दिशांनी हेलकावू शकते. ही लक्षणे चिंताविकारासारखीच दिसतात. म्हणून औषधे परस्पर बंद न करता डॉक्टरांना त्याविषयी विचारणे इष्ट ठरते.

निदानातील अडचणी

थकवा, निद्रानाश, भूक मंदावणे, वजन घटणे, कामात लक्ष न लागणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि फुप्फुसविकाराचीही. धडधड, घाम, छाती आवळल्यासारखी वाटणे, श्वास अपुरा पडणे ही घबराटीची लक्षणे आहेत आणि सीओपीडी बळावल्याचीही. मराठीत तर हा गुंता भाषेतच आहे. 'जीव घाबरा होतो', 'जीव गुदमरतो', 'छातीत कसेसेच होते', 'कासावीस होते' हे शब्दप्रयोग श्वासाच्या त्रासासाठी आणि मनाच्या अस्वस्थतेसाठी सारख्याच सहजतेने वापरले जातात. रुग्ण 'जीव घाबरतो' म्हणतो तेव्हा तो कशाविषयी बोलतो आहे, हे पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही. आधी दम लागला की आधी भीती वाटली? बसल्याजागी होते की चालताना? किती वेळ टिकते? त्या वेळी मनात कोणता विचार येतो? 'नैराश्य आहे का' असे थेट विचारले तर बहुतेक जण 'तसे काही नाही' म्हणतात. 'पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता मन रमते का' या प्रश्नाला मात्र खरे उत्तर मिळते. कोणत्याही नैराश्यातील महत्त्वाची खूण आनंद न वाटणे, निरर्थकतेची व अपराधाची भावना आणि जगणे नकोसे होणे ही होय. आत्महत्येचा विचार येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट मोकळे होण्याची वाट मिळते.

या घोटाळ्यावर उपाय म्हणून काही प्रश्नावल्या वापरतात. झिग्मंड व स्नेथ यांनी १९८३ साली तयार केलेल्या 'हॅड्स' या प्रश्नावलीत १४ प्रश्न आहेत, ७ चिंतेविषयी आणि ७ नैराश्याविषयी. शारीरिक आजाराशी गल्लत होईल अशी बहुतेक लक्षणे तीत जाणीवपूर्वक टाळली आहेत. प्रत्येक विभागात ० ते २१ गुण मिळतात. ८ ते १० गुण सीमारेषेवरचे आणि ११ किंवा अधिक गुण विकाराची दाट शक्यता दाखवणारे मानतात. ९ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावलीही प्रचलित आहे, परंतु तीत थकवा, झोप व भूक यांचे प्रश्न असल्याने फुप्फुसाच्या रुग्णाचे गुण थोडे फुगू शकतात. प्रश्नावली केवळ चाळणी आहे. निदान प्रत्यक्ष संवादातूनच होते.

उलट बाजूची चूक अधिक घातक ठरू शकते. चिंताविकाराचे निदान झालेल्या रुग्णाची प्रत्येक धाप 'मनाची' समजली जाऊ लागते. सीओपीडीच्या रुग्णाला अचानक वाढलेली धाप, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, ग्लानी येणे, एका पायाला सूज येणे यांमागे फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे, हृदयविकाराचा झटका किंवा फुप्फुसाबाहेर हवा साचणे अशी कारणे असू शकतात. अशा वेळी तातडीने तपासणी करणे आवश्यक असते.

परिणाम

नैराश्य असलेले रुग्ण औषधे नियमित घेत नाहीत, व्यायामाचा कार्यक्रम मध्येच सोडतात, आजार बळावून अधिक वेळा रुग्णालयात दाखल होतात आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळते. त्यामुळेच सीओपीडीविषयक 'गोल्ड' या जागतिक मार्गदर्शक अहवालात चिंता व नैराश्य हे महत्त्वाचे पण निदानावाचून राहणारे सहविकार म्हणून नोंदले आहेत, आणि फुप्फुसविकार आहे म्हणून त्यांच्या नेहमीच्या उपचारांत हयगय करू नये असे सांगितले आहे.

उपचार

सर्वांत भक्कम पुरावा औषधाच्या बाजूने नाही, तो 'फुप्फुस पुनर्वसन' या कार्यक्रमाच्या बाजूने आहे. यात साधारणतः ६ ते ८ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, देखरेखीखाली चालणे किंवा सायकल, हातापायांच्या स्नायूंचे व्यायाम, श्वासाचे तंत्र आणि आजाराची माहिती यांचा समावेश असतो. ६५ चाचण्यांच्या २०१५ मधील कॉक्रेन समीक्षेत धाप, थकवा आणि भावनिक स्थिती या तिन्हींत ठळक सुधारणा दिसली. फुप्फुसांची क्षमता मात्र यात फारशी बदलत नाही. बदल घडतो तो स्नायूंत आणि भीतीत. फिजिओथेरपिस्ट शेजारी उभा असताना रुग्ण मुद्दाम धाप लागेपर्यंत चालतो, थांबतो आणि धाप आपोआप ओसरते हे स्वतः अनुभवतो. धाप म्हणजे मृत्यू, हे समीकरण असे अनेकदा मोडल्यावरच सैल होते.

धाप लागल्यावर करावयाच्या कृती साध्या आहेत, पण त्यांचा सराव त्रास नसताना करावा लागतो. पुढे झुकून हात गुडघ्यांवर किंवा टेबलावर टेकावेत, खांदे सैल सोडावेत, नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून तो सावकाश, श्वास घ्यायला लागला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. यामुळे श्वासनलिका थोड्या अधिक काळ उघड्या राहतात आणि साचलेली हवा बाहेर पडते. चेहऱ्यावर लहान पंख्याचा वारा घेतल्यानेही धापेची जाणीव कमी होते. घरच्यांनी भोवती गर्दी न करता एकाने शांतपणे जवळ बसणे अधिक उपयोगी पडते.

मानसोपचारांत बोधात्मक वर्तनोपचाराचा (सीबीटी) अभ्यास अधिक झाला आहे. ईशान्य इंग्लंडमधील २७९ रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्वसनविकार विभागातील परिचारिकांनीच हा उपचार दिला. केवळ माहितीपत्रके मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांच्या रुग्णांची चिंता अधिक घटली आणि रुग्णालयाच्या फेऱ्याही कमी झाल्या. ब्रिटनमध्येच ४२३ रुग्णांवर झालेल्या 'टँडेम' या चाचणीत (२०२३) मात्र अशाच धर्तीच्या उपचाराने सहा महिन्यांनी चिंता किंवा नैराश्य यांत फरक पडला नाही. त्या चाचणीतील रुग्णांचा त्रास सौम्य ते मध्यम स्वरूपाचा होता. संभाषणाचा उपचार सरसकट सर्वांना सारखा लागू पडतो असे मानता येत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मध्यम वा तीव्र नैराश्यात 'एसएसआरआय' गटातील औषधे इतर रुग्णांप्रमाणेच फुप्फुसाच्या रुग्णांनाही देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मात्र नैराश्य नसताना केवळ धाप कमी व्हावी म्हणून ही औषधे देण्याचा प्रयोग फसला आहे. सर्ट्रालीनची २०१९ मधील आणि मिर्टाझापीनची २०२४ मधील चाचणी यांत धापेला उतार पडला नाही. मिर्टाझापीनने दुष्परिणाम तेवढे अधिक झाले. झोपेच्या व 'टेन्शन'च्या गोळ्यांविषयी, म्हणजे अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या बेंझोडायझेपिन गटाविषयी, विशेष सावध राहावे लागते. त्यांनी श्वसनाची प्रेरणा मंदावू शकते, तोल जाऊ शकतो आणि सवय जडते. घरी ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांच्या स्वीडनमधील पाहणीत (२०१४) या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. दीर्घकाळ घेत असलेली गोळी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने कमी करतात.

ऑक्सिजनविषयीही गैरसमज पुष्कळ आहेत. रक्तातील प्राणवायू बराच कमी असेल तर घरचा ऑक्सिजन आयुष्य वाढवतो. प्रमाण मध्यम स्वरूपात कमी असलेल्या ७३८ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत (२०१६) मात्र त्याने आयुर्मान किंवा जीवनमान यांत फरक पडला नाही. धाप आणि प्राणवायूची पातळी नेहमी बरोबर चालत नाहीत. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर समाधानकारक आकडा दाखवत असतानाही धाप खरी असू शकते. दर पाच मिनिटांनी ऑक्सिमीटर पाहण्याची सवय करोनाच्या साथीनंतर अनेक घरांत शिरली आहे. ती चिंता कमी करण्याऐवजी वाढवते.

इतर फुप्फुसविकार

दम्यात त्रास मधूनमधून येतो, त्यामुळे पुढचा झटका केव्हा येईल याची धास्ती प्रमुख असते. फुप्फुसतंतुमयतेत (फुप्फुसे कडक होत जाण्याच्या विकारात) कोरडा खोकला आणि आजाराची वेगवान वाटचाल यांमुळे भविष्याची चिंता अधिक. क्षयरोग बरा झाल्यावरही फुप्फुसांवर व्रण राहिलेल्या व्यक्तींना धापेबरोबर जुना सामाजिक कलंक सोसावा लागतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात दिल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीनने स्वतःच नैराश्य किंवा भ्रम होऊ शकतात, म्हणून उपचारकाळात मनःस्थितीवर लक्ष ठेवावे लागते. दगडखाणींतील व दगड घडवणाऱ्या कामगारांना होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. त्याचे रुग्ण पुष्कळदा ऐन कमावत्या वयाचे असतात, आणि पोटासाठी त्याच धुळीत पुन्हा उभे राहण्याची पाळी त्यांच्यावर येते.

भारतातील सोयी

फुप्फुस पुनर्वसनाची केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने घरीच चालण्याचा आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा कार्यक्रम आखता येतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार उपलब्ध करून दिले जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये अशी सेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे, आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' या सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून बोलता येते. रुग्णाप्रमाणेच त्याची शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसालाही तेथे स्वतःसाठी सल्ला मागता येतो.